डावीकडे निळा डबा, उजवीकडे पिवळा

आप्पा, तुम्हाला लिहायचं मी सहा वर्षं टाळतोय. मनालीत असताना वही घेतली, गोव्यात दुसरी घेतली, आणि दोन्हींत भलतंच लिहीत बसलो. बसच्या वेळा, कुणाकुणाचे नंबर, एकदा तर अख्खं पान एका लंगड्या कुत्र्यावर. आज मला धीर आलाय असं समजू नका. हातांना काहीतरी काम हवंय. ताई, दाजी आणि त्यांची छोटी सासवडहून निघाली असतील, कदाचित घाट उतरत असतील, आणि त्यांच्या गाडीचे पुढचे ब्रेक मी बसवलेत.

चार महिन्यांपूर्वी मी मांजरीला परत आलो आणि तुमचं गॅरेजचं शेड उघडलं. समोर ऊस होता तिथे आता बारा मजले आहेत. तिथली माणसं गाडी घेऊन येतात आणि आधी मोबाइल पुढे करतात, "ह्या कंपनीच्या ब्रेक डिस्क चांगल्या की त्या?" मला काय माहीत! आयटीआय मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तुम्हाला ठाऊकच आहे. पण ठरवलं, आपणच बघायचं. एकाच गाडीच्या, तीन कंपन्यांच्या डिस्क आणल्या. तुम्ही करायचात तसं दोरीला टांगून पान्यानं वाजवल्या. निळ्या डब्यातली बराच वेळ वाजत राहिली, पिवळ्यातली लवकर गप्प झाली, आणि बिननावाच्या पांढऱ्या डब्यातली तर ताटासारखी वाजली, ती तिथेच बाद केली. मग वजनं केली, जाडी मोजली, दोन दिवस ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या. पिवळीला कडेनं गंज धरला, निळीला रंगाचा थर होता म्हणून ती तशीच राहिली. सगळं वहीत लिहिलंय. कुठलंही काम मी पहिल्यांदाच इतकं शेवटापर्यंत केलं असेल.

आणि मग डोक्यात आलं, की खरी परीक्षा रस्त्यावर. दाजींची गाडी ब्रेकच्या कामाला आलेलीच होती. म्हटलं, डावीकडे निळी लावू, उजवीकडे पिवळी, प्रत्येकीबरोबर तिला दाबून धरणारे तिच्याच कंपनीचे पॅड. गाडी एक, रस्ता एक, चालवणारा एक, सहा महिन्यांनी दोन्ही काढून मोजू. मला वाटलं, असं कुणाला सुचलंच नसेल. मी शिट्टी वाजवत बसवल्या, आप्पा.

तुम्ही असता तर पाना फेकून मारला असता. मला तो दिवस आठवतो. मी सतरा-अठराचा असेन, एका टॅक्सीला दोन बाजूंना दोन कंपन्यांचे पॅड लावले होते, कारण एक जोडी अर्धीच सापडली. तुम्ही वाकून बघितलं आणि म्हणालात, "डाव्या पायात चप्पल आन उजव्यात बूट घालून कवा लग्नाला गेलायस का?" टॅक्सीवाला हसला. तुम्ही नाही हसलात. सगळं परत काढायला लावलंत, नवे एकसारखे पॅड आणायला पिटाळलंत, आणि झाल्यावर मला पुढच्या सीटवर बसवलंत. "ज्यानं बसवलं त्यो पयला बसनार. हाय का कबूल?" लोणी काळभोरपर्यंत तुम्ही कितीदा वेग घेतलात आणि कितीदा ब्रेक दाबलात ते मोजायचं मी सोडून दिलं. परत आल्यावर चाकाजवळ तळहात धरून ऊब तपासायला लावलीत, आधी डावं, मग उजवं. दोन्ही सारखी गरम आहेत म्हटल्यावर मगच टॅक्सीवाल्याच्या हातात किल्ली दिलीत.

आज ती फेरी मी मारणार होतो. आधी चहा प्यायचा म्हणून टपरीवर गेलो. तिथे एकानं स्पितीच्या रस्त्याचा व्हिडिओ लावला, तो रस्ता मी बघितलेला, मग काय, बोलतच बसलो. परत आलो तर गाडी नाही. चाकं चढलेली होती, किल्ली खिळ्याला होती, दाजींना वाटलं काम झालं, आणि तिघं सासवडला निघून गेली.

मी ताईला फोन केला. लागलाही. "काय रे?" "काही नाही, असंच. पोचलात का?" "आत्ताच. जेवून निघू. आवाज असा का येतोय तुझा?" "वारा आहे," म्हणालो. शेडमध्ये कुठला वारा, आप्पा? एक वाक्य बोलायचं होतं, गाडी हलवू नका. ते बोललो असतो तर का, हेही सांगावं लागलं असतं. मला वाटलं, जाताना काही झालं नाही, येतानाही होणार नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की थंड असताना कुठलीही जोडी धरते. घाटात उतरताना पॅड तापतात, आणि दोन कंपन्यांचे पॅड सारखे तापत नाहीत. एका बाजूच्या ब्रेकची पकड सुटली की गाडी दुसऱ्या बाजूला ओढणार. तेव्हापासून दोघांचेही फोन लागत नाहीत. दिवे घाटानं उतरतील की बोपदेव घाटानं, ते माहीत नाही, म्हणून मी कुठेच गेलो नाही. निदान स्वतःला तरी तसं सांगतोय. बाहेर हॉर्न वाजला की दारापर्यंत जाऊन येतो. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी तुमचा फोटो आहे, तिकडे मी सकाळपासून पाठच केलीये. छोटी गाडीत नेहमी मागे मधोमध उभी राहते, दोन्ही सीटना धरून. तिला कितीदा बस म्हटलं तरी बसत नाही.

इथवर लिहून थांबलो होतो. रिक्षा वाजली. दारात ताई उभी आहे, कडेवर छोटी, गाडी नाही, दाजी नाहीत. "घाटात चार-पाच वळणं उतरल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. ह्यांनी डोंगराला टेकवून थांबवली. आम्हाला मिळेल त्या गाडीत बसवून पाठवलं, स्वतः तिथेच थांबलेत," ती सांगतेय. "दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणाले, त्यालाच बोलव, बसवलंय त्यानं, कळेल त्याला." ती आता माठाकडे गेलीये, छोटी माझ्या पाठीवर चढतेय.

आप्पा, ह्या दोघींना धडधाकट बघून मला आधी हायसं वाटायला हवं होतं. पण आधी मनात आलं, मी काय केलंय ते हिला कळलंय का?