चढ्याची पाठ

चिखली
५ जानेवारी २०२५

चि. आम्रपाली हिस,
नीलावहिनीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

शेजारचा प्रितम चाकणहून शिफ्ट करून आला, त्याने तुझी पिशवी आणि चिठ्ठी दिली. गूळ पोचला. फोनवर विचारलं असतंस तरी चाललं असतं. पण पुठ्ठा कसा कापायचा हे फोनवर तुला कळलं नसतं, म्हणून लिहिते.

सव्वीस जानेवारीला तुझ्या अंगणवाडीत पालक येणार, आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंचं मुलांकडून काही करून घ्यायचं, तर सोपं सांगते. दुधाच्या पिशव्या आधी साबणाने धू, नाहीतर वर्गात आंबूस वास सुटेल. पट्ट्या कापून मधे दोऱ्याने आवळल्या की फूल होतं. पाण्याची बाटली आडवी ठेवली की हत्तीचं अंग, जुना पायमोजा म्हणजे सोंड. काड्यापेट्या चिकटवून ट्रक कर, चाकं बाटलीच्या झाकणांची. कात्री तुझ्याच हातात ठेव.

चढ्याचं मात्र विचारू नकोस. तो तुझ्या दादालाच येत होता. दोन्ही दोऱ्या आळीपाळीने ओढल्या की पुठ्ठ्याचा माणूस वर चढतो, एवढंच मला ठाऊक. त्यांनी केलेला शेवटचा चढ्या स्वयंपाकघरात खिळ्यावर आहे. त्याची पाठ तपकिरी टेपने बंद केलेली. आयुष्य कंपनीच्या पॅकिंग खात्यात गेलं, त्यांच्या हातचं काही सहज उघडत नाही. मी उघडणारही नाही. ते गेल्यापासून घरात त्यांच्या हातचं जसंच्या तसं तेवढंच राहिलंय.

मी बरी आहे. थकते. तुझी भाची मिनल रविवारी हिंजवडीहून येते आणि ट्रॅफिकच्या भीतीने चहा संपायच्या आत निघते. चाळीतली मुलं अजून रविवारी दार वाजवतात, काका नाहीत हे माहीत असून. काड्यापेट्या देते आणि वाटेला लावते. बसून काही करून दाखवायचा उत्साह नाही.

लोभ आहे तसा राहू दे. वाढवायची घाई नाही.

तुझी,
नीलावहिनी


चाकण
१२ जानेवारी २०२५

ती. नीलावहिनींस,
आम्रपालीचा सविनय जय भीम. वि. वि.

फुलं झाली. हत्ती झाले, त्यातले दोन डुकरासारखे दिसतात, पण करणाऱ्यांना तसं सांगितलेलं नाही. वास सुटलाच, कारण पिशव्या धुवायचं वाचण्याआधी मी कापायला बसले होते. तुमची नणंद आधी उडी मारते आणि मग खाली बघते, असं तुम्ही म्हणालच.

चढ्याचं पुन्हा विचारते, रागावू नका. गेल्या उन्हाळ्यात दादा इथे आला होता तेव्हा त्याने मुलांना चढ्या दाखवला आणि प्रत्येकाला एकेक करायला शिकवीन असं कबूल केलं. मुलं विसरलेली नाहीत. ते काका आता नाहीत, असं मी सांगितलं. त्यावर दिव्या म्हणून एक चिमुरडी आहे, ती म्हणाली, मग काकू येतील.

मी करून पाहिला. ज्यूसच्या नळ्यांचे तुकडे पाठीला सरळ चिकटवले, दोरी ओवली, ओढली. माणूस घसरून खाली येतो. दादा असता तर म्हणाला असता, आमच्या आम्रपालीने चढ्या नाही, उतऱ्या केलाय.

तुमच्याकडचा उघडून बघा, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण सव्वीस तारीख जवळ आली, आणि शब्द दादाचा आहे.

लहान समजून माया ठेवा, रागावलात तरी ठेवा.

तुमची,
आम्रपाली


चिखली
१९ जानेवारी २०२५

चि. आम्रपाली हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझी चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली सारून ठेवली होती. राग आला होता. पण भाकरी थापताना ती दिव्या डोक्यातून जाईना. आधी मीही स्वतःच्या अकलेने एक केला. तोही उतऱ्याच निघाला.

मग खिळ्यावरचा काढला. टेप वाफेवर धरून सुटत नाही, ब्लेडच लागलं. टेपबरोबर पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून आला, तेव्हा हात थांबला. पण अर्धी उघडलेली पाठ ना माझ्या कामाची, ना तुझ्या. टेप पुढे ओढली.

आत दोन नळ्या आहेत, तिरक्या लावलेल्या. वरची टोकं जवळ, खालची फाकलेली. आपण दोघींनी सरळ लावल्या, तिथेच चुकलं. खेळ तेवढाच.

आणि त्या नळ्या माझ्या निळ्या पेनच्या आहेत. करवतीच्या पात्याने सरळ दोन तुकडे. पेपर वाचताना अडलेल्या शब्दाखाली मी त्याच पेनने रेघ मारायची. हरवला म्हणून घर उलटंपालटं केलं होतं, तर तुझे दादा माझ्याबरोबर कपाटाखाली वाकून शोधत होते. वर म्हणाले, मिनलला विचार. मी फरशीवर बसून हसले. पुढचं तुला लिहायला नको.

चढ्या उघडा तसाच पाठवते, बघून मुलांकडून करून घे. मी पुन्हा एक केलाय. चढतो, पण डावीकडे झुकतो. काम झालं की त्यांचा परत पाठव.

लोभ राहू दे. पिशवी उभी धर, चढ्या वाकेल.

तुझी,
नीलावहिनी


चाकण
२७ जानेवारी २०२५

ती. नीलावहिनींस,
सविनय जय भीम. वि. वि.

काल भिंतीवर ओळीने एकेक चढ्या चढला. शिफ्ट संपवून थेट आलेले बाप मुलांच्या हातातून दोऱ्या काढून घेत होते. दिव्याने सगळ्यांना सांगितलं की काकूंनी पाठवलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. दिव्याच्या वडिलांनी दादाचा चढ्या ओढला. मशीनवरचा हात, जोराचा अंदाज आला नाही. मानेपासून खालपर्यंत फाटला. बिचारे तो हातात धरून पुन्हा पुन्हा माफी मागत होते. चूक माझी, मी तो उंच ठेवायला हवा होता. निळ्या नळ्या शाबूत आहेत. परत पाठवू का?

काय लिहाल ते सोसेन, पण लिहा.

तुमची,
आम्रपाली


चिखली
२ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपाली हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. खिळ्याकडे बघून स्वयंपाक करायची सवय होती. पण तो ओढता ओढता फाटला. इथे खिळ्यावर असता तर धूर आणि फोडणी खाऊन कधीतरी सुटून पडला असता. दिव्याच्या वडिलांना सांग, मनाला लावून घेऊ नका.

नळ्या परत नकोत. नव्या पुठ्ठ्याला लाव आणि तो दिव्याला दे. पेन माझा आहे, कुणाला द्यायचा ते मी ठरवणार; या वेळी निदान विचारून तरी गेला.

खिळ्यावर आता माझा झुकता चढ्या आहे. सकाळी मुलांनी दार वाजवलं, तेव्हा काड्यापेट्या न देता पुठ्ठा आणायला पाठवलं. दमले, पण बसले त्यांच्यात. एक जण पाठीला टेप लावायला निघाला होता. त्याला म्हटलं, पाठ उघडीच ठेव. पुढच्याला बघता आलं पाहिजे.

माया आहे, ती वापरत जा.

तुझी,
नीलावहिनी