निळं दिसेपर्यंत

प्रिय खारूताई,

नातवंडं खेळवायच्या वयात ह्या नावाने हाक मारलेली तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण तुझं खरं नाव लिहिलं की मला वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटतं. लहानपणी तू रंगीत धाग्यांचे तुकडे उशीखाली, चपलांच्या खोक्यात, कंपासपेटीत, जागा मिळेल तिथे साठवायचीस, म्हणून मी तुला खारूताई केलं. नावात ताई असली तरी ताई मीच, हे तेव्हाच बजावून ठेवलं होतं. पुढे त्याच धाग्यांवर तू रफूचं दुकान उभं केलंस. ते दुकान आता बंद करणार आणि धाग्यांचं कपाट शेजारच्या शिंप्याला देऊन टाकणार, हे परवा फोनवर तू भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं सांगितलंस. हात गेला म्हणालीस. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो; गॅसवर दूध ठेवलंय म्हणतेस आणि फोन ठेवतेस. पत्राला असं करता येत नाही.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि शाई काळी घेतलीय. वाचताना खिडकीकडे पाठ करून बस, उजेड कागदावर पडू दे, डोळ्यांवर नको. का, ते पुढे येईल. आणि एक बघ, गेल्या वर्षी माझ्या पत्रातल्या ओळी उतारावरून घसरत चालल्या होत्या, तू हसली होतीस. ह्या खेपेला सरळ आल्यात ना? तेही पुढे येईल. मास्तरणीची सवय आहे, उत्तर आधी सांगत नाही.

तर झालं असं. मी निवृत्त झाले तरी शाळा मला वर्षातून एकदा प्रकाशाच्या तासाला बोलावते. नव्या बाईंना पदार्थविज्ञान माझ्याहून चांगलं येतं, पण नाटक करता येत नाही, आणि तो तास म्हणजे अर्धं नाटकच आहे. माशांची जुनी काचेची टाकी घ्यायची, तीत स्वच्छ पाणी भरायचं, पडदे ओढायचे. मग पुठ्ठ्याच्या भोकातून टॉर्चचा झोत टाकीत सोडायचा आणि मुलींना विचारायचं की पाण्यात काय दिसतंय. काही दिसत नाही. उजेड आहे, आत शिरलाय, पलीकडे कागदावर त्याचा पांढरा ठिपकाही पडलाय, पण मधली वाट दिसत नाही. उजेड कशाला तरी अडखळून आपल्या डोळ्यांकडे वळल्याशिवाय आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. हे एवढं त्यांच्या डोक्यात उतरू दिलं की मग ड्रॉपरने दुधाचा एक थेंब सोडायचा आणि ढवळायचं.

तो क्षण मला आयुष्यभर आवडत आलाय. दुधातले कण इतके बारीक की निळा उजेड त्यांच्यावर आपटून चहूकडे उधळतो, आणि तांबडा मात्र फारशी दखल न घेता सरळ पुढे जातो. त्यामुळे बाजूने बघणारीला झोत निळसर दिसतो, आणि पलीकडच्या कागदावरचा ठिपका आधी पिवळा, मग आणखी दोनचार थेंबांनी नारिंगी होतो. टाकीच्या एका बाजूला दुपारचं आकाश आणि दुसऱ्या टोकाला मावळतीचा सूर्य. पूर्वी मी ह्याच तासाला शाळेच्या रखवालदारालाही बोलवायचे. त्याच्या सिगरेटच्या टोकाचा धूर निळा असतो आणि तोंडातून सोडलेला पांढरा, कारण तोंडात ओल लागून कण फुगतात, आणि फुगलेले कण कुठल्याच रंगाला डावंउजवं करत नाहीत, सगळ्यांना सारखंच उधळतात. मुलींना हा प्रयोग फार आवडायचा, रखवालदाराला त्याहून. मुख्याध्यापिकांनी तो बंद पाडला, आणि त्यांचं बरोबरच होतं.

ह्या वर्षी मी थेंब सोडला, ढवळलं, आणि निळं काही आलं नाही. दुसरा सोडला. मुलींना विचारलं, तर सगळ्या एका सुरात दिसलं म्हणाल्या. मला वाटलं, पुस्तकात लिहिलेलं बोलतायत. म्हणून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं की पुस्तकात काय आहे ते नको, डोळ्यांना काय दिसतं ते सांगा. बिचाऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी आपली थेंबावर थेंब सोडत राहिले. आधी दुधाला नावं ठेवली, हल्ली दुधात काही राम राहिला नाही म्हणाले. मग टॉर्चच्या सेलना, मग पडद्यांना. टाकीतलं पाणी चहाच्या टपरीवरच्या पातेल्यासारखं पांढरंफटक होईपर्यंत माझं हे चाललं होतं. शेवटी पहिल्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी अगदी हळू म्हणाली की बाई, मगाशी निळं होतं, आता गेलं.

घरी आले ती धुमसतच. ग्लासात पाणी घेतलं, दुसरा टॉर्च घेतला, दूध बदललं. तरी निळं नाही. शेजारचे गणिताचे मास्तर तुला आठवत असतील, कशालाच चांगलं न म्हणणारे. त्यांना बोलावलं आणि काही न सांगता ग्लास पुढे धरला. ते म्हणाले, पाणी निळसर दिसतंय, नळ बदलून घ्या. तेव्हा माझी ट्यूब पेटली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मी वर्गभर करून आले होते. आणि दिव्याखाली अंधार किती असावा, तर सगळा जन्म उजेड शिकवणारीला आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय हे कळू नये.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत. माझ्या विद्यार्थिनी नाहीत हे आधीच सांगते. गोष्टींत तसं असतं, मी त्यांना याआधी कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी सांगितलं की डोळ्यातलं भिंग तरुणपणी काचेसारखं नितळ असतं. वय झालं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून बारीक बारीक गुठळ्या होतात, आणि आत येणारा उजेड त्यांच्यावर आपटून भलतीकडेच उधळतो. शिवाय भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग वाटेतच अडवतं. त्या सांगत होत्या आणि मला हसू यायला लागलं. हा धडा मी त्यांच्या जन्माआधीपासून शिकवतेय. टाकी तीच, दूध तेच, फक्त ह्या वेळी ती टाकी माझ्या कपाळाखाली होती. त्या जरा बिचकल्या, बहुतेक रडण्याची तयारी ठेवून बसल्या होत्या.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या लेकीने मला सगळं सांगितलंय, आणि तिच्यावर रागावलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. बँकेतल्या गृहस्थांच्या गडद निळ्या कोटाला तू काळ्या धाग्याने रफू केलंस आणि ते कोट परत घेऊन आले. तू म्हणालीस, हल्ली धाग्यांचे रंग पक्के येत नाहीत. त्याआधी म्हणत होतीस, दुकानातला दिवा मंद झालाय. मग मोठा दिवा आणलास, मग त्याहून मोठा, आणि दर नव्या दिव्याबरोबर कमीच दिसायला लागलं. तसंच होणार गं. धुक्यात गाडीचे दिवे मोठे केले की रस्ता दिसायचा सोडून पांढरी भिंतच पुढे उभी राहते ना, तसं. जितका उजेड डोळ्यात जास्त, तितका आत उधळतो जास्त. म्हणून म्हटलं, खिडकीकडे पाठ करून वाच. आणि गडद निळा आणि काळा ह्यांत फरक तो केवढा, चिमूटभर निळ्याचा. तुझ्यापर्यंत तेवढंच निळं पोचत नाहीये. तू धाग्यांना नावं ठेवलीस, मी दुधाला. एका आईच्या लेकी आपण.

पण लेकीला मी एक मुद्दाम विचारलं. रंग सोड, रफू कसं झालं होतं? ती म्हणाली, मावशी, बोटाला लागतच नव्हतं. कोट उन्हात नेऊन तिरपा धरला तेव्हा कुठे त्या गृहस्थांना धागा वेगळा दिसला. मग हात कुठे गेला, सांग बरं? हात जिथल्या तिथे आहे. तुझी बोटं अजून न बघतासुद्धा असं काम करतात जे इतरांना दोन धड डोळ्यांनी जमत नाही. एवढ्यासाठी तू कपाट देऊन टाकणार? लहानपणी माझ्याशी एका धाग्यावरून मारामारी करणारी तू अख्खं कपाट सोडतेस, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

चष्म्याच्या दुकानात तुला मोतीबिंदू सांगितलाय, हेही मला कळलंय. ती चिठ्ठी तू शिवणयंत्राच्या खणात ढकललीस. का, ते मला कुणी सांगायला नको. बाबांमुळे. आपले बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. त्या काळी ऑपरेशन म्हणजे डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस उताणं पडणं. आतलं भिंग काढायचे आणि त्या जागी काहीच घालायचे नाहीत, म्हणून नाकावर ते बाटलीच्या बुडासारखे चष्मे. बाबांना दारांच्या चौकटी वाकड्या दिसायच्या, चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा. सरळ रेघ ज्यांच्या हातात होती त्यांना सरळ रेघ दिसेनाशी झाली, आणि त्यांनी ब्रश ठेवला तो ठेवलाच. मी अभ्यासात डोकं घालून बसले. तू मात्र वाळतील म्हणून ते ब्रश दर रविवारी टर्पेंटाइनमध्ये धुवायचीस, कोणी वापरत नव्हतं तरी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तुला हसत नाही. पण आता तसं राहिलेलं नाही. आता गढूळ भिंग काढतात आणि त्याच जागी बारीकसं नितळ भिंग आत बसवतात. पिशव्या नाहीत, बाटलीचं बूड नाही. मी इतके प्रश्न विचारले की शेवटी डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला ऑपरेशन करून घ्यायचंय की करायचंय.

आता ते ओळींचं सांगते. शाळेत लस टोचायला बाई यायच्या तेव्हाचं आठवतं? मी नकाशांच्या कपाटामागे लपायचे, मला शोधायला वर्ग सोडावा लागायचा. तू माझ्याहून लहान, पण बाही वर करून पुढे व्हायचीस, म्हणायचीस आधी मला टोचा, मग ताई येईल. आणि परत येऊन मला सांगायचीस की फार दुखत नाही. डोळ्यांत पाणी काठोकाठ असायचं तुझ्या, तरी सांगायचीस. त्याच्या जोरावर मी जायचे. तर खारूताई, ह्या वेळी आधी मी जाऊन आलेय. गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ह्या ओळी सरळ. गणिताचे मास्तर सोबत आले होते, आणि बाकी कोणालाच कळवलं नाही, कारण माझी पाचावर धारण बसली होती आणि ऐन वेळी पळून आले असते तर कोणाला कळायला नको होतं. पट्टी काढल्यावर घरी येऊन पहिल्यांदा ग्लासात पाणी घेतलं आणि एक थेंब दूध सोडलं. निळं दिसलं. अगदी पहिल्याच थेंबाला, त्या पोरींना दिसलं होतं तसं. मी चहा गार होईपर्यंत नुसती बघत बसले होते. आता उजव्या डोळ्याने बघते तेव्हा हा कागद पांढरा असतो, आणि तो मिटून डाव्याने बघते तेव्हा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा. तुला काय दिसतंय ते मला त्यामुळे नेमकं ठाऊक आहे. डाव्याचीही तारीख देत होते, पण मी थांबले, आणि दोघींच्या वेळा एकाच सकाळच्या मागून घेतल्या, एकीपाठोपाठ एक. एक माझी, एक तुझी. आधी तुझी तपासणी होईल आणि काय ते डॉक्टरच ठरवतील, पण तू ये. बाहेरच्या खोलीत तुझी गादी घालून ठेवलीय. शिंप्याला सांग, कपाट द्यायचं नाही. येताना त्यातली दोन रिळं पिशवीत टाकून आण, एक काळं आणि एक गडद निळं. पट्टी निघाली की तुझं तू बघ कुठलं कोणतं. फार दुखत नाही गं. हे लिहिताना माझ्याही डोळ्यांत पाणी आहे, पण ते औषधाच्या थेंबांचं आहे असं समज.

तुझीच,
ताई