म्हशीच्या पुस्तकाची कव्हरं

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. दरवर्षी तिथीला लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात आणि मी मान हलवते. आज मान हलवायची नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. लातुरातलं आपलं घर तगलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला फक्त भेग गेली. तुमच्या शाळेत मदतीचं सामान उतरत होतं. घरं पडून पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लहान मुलांसाठी आलेली पुस्तकं निवडायचं काम तुमच्याकडे आलं, कारण तुम्ही गणिताचे आणि शिस्तीचे. व्हरांड्यात बसून तुम्ही दोन ढीग केलेत. अंकलिपी, पाढे, सामान्यज्ञान एकीकडे. चित्रांची पुस्तकं दुसरीकडे. पहिला ढीग ट्रकमधून गेला. दुसरा तुमच्या सायकलवरून आपल्या घरी आला. "घर पडलेल्या लेकराला चित्रं काय करायचीत?" असं तुम्ही हेडमास्तरांना म्हणालात. तेही म्हणाले, "बरोबर हाय, गुरुजी."

त्या ढिगातलं एक मी उचललं. त्यात अक्षरच नव्हतं. एक म्हैस तळ्यात बसलेली, आणि पानोपानी तिच्या पाठीवर कुणीतरी येऊन बसतं. बगळा, बेडूक, मग एक कासव. आई भाकरी थापत असते आणि मी चुलीपाशी बसून तिला वाचून दाखवते, रोज वेगळं. आई म्हणते, "काल तर बेडूक रुसला होता की गं." तुम्ही दारात उभे.

"काय वाचायलीस?"

"म्हशीचं पुस्तक."

"दाखव. यात एक अक्षर न्हाई, आन् वाचायलीस म्हणं." मग आईकडे बघून, "पोरीला येडं करायलीस तू."

पुढच्या खोलीत बारावीच्या मुलांची शिकवणी तेव्हा नुकतीच जोरात चालू झाली होती. चाकूरहून, अर्धापूरहून मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन लातुरात येत होती. दिवाळीनंतरच्या नोट्सना तुम्ही स्वतः कव्हर घालून द्यायचात. त्या वर्षी कागद विकत आणला नाहीत. त्या चित्रांच्या पुस्तकांच्या पिना सोडवल्यात, एकाच बाजूला छापलेली पानं सरळ केलीत, चित्र आत, पांढरी बाजू बाहेर. गुळगुळीत जाड कागद, कव्हराला उत्तम. एक मुलगा वही उघडून म्हणाला, "सर, माझ्या गणितामधी म्हैस बसलीय." सगळे हसले. तुम्हीही हसलात. घरात तुम्हाला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं, म्हणून ते विसरता येत नाही. त्या मुलांपैकी कितीतरी डॉक्टर झाले आणि तिथीला तेच तुमचं कौतुक करतात. शेडमधल्या मुलांच्या वाटची पुस्तकं होती ती, हे मी एकालाही सांगितलेलं नाही.

मी विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, नांदेडला ऑफिसात बसते. माझी मुलगी चार वर्षांची आहे. ती म्हैस मी तिला तोंडी सांगते, आठवेल तशी. तिच्या पाठीवर कोण बसणार हे ती ठरवते. काल तिला पहिलं पुस्तक घ्यायला दुकानात नेलं. ती फरशीवर मांडी घालून बसली आणि एका मांजरीचं, बिनअक्षरांचं पुस्तक हळू आवाजात स्वतःलाच सांगू लागली. दुकानदार म्हणाला, "म्याडम, ते नका घेऊ, त्यात काहीच न्हाई. हे बघा, शंभर चित्रं, खाली नावं, मराठी-इंग्लिश दोन्ही. पुढं नर्सरीच्या इंटरव्ह्यूला कामी येतंय." मला तुम्ही व्हरांड्यात बसलेले दिसलात. तुमचा राग आला. तरी मी शंभर चित्रांचंच घेतलं. मांजरीचं पुस्तक मुलीनं होतं तिथे, नीट कडेला कड लावून ठेवलं.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. घरी आल्यावर तिनं ते पुस्तक उघडलं. पाळीव प्राण्यांच्या पानावर, चौकटीत, शेळीच्या शेजारी म्हैस होती. तिनं बोट ठेवून विचारलं, "आई, आज हिच्या पाठीवर कोण बसलंय?"

मी म्हणाले, "आधी म्हैस म्हण. मग स्पेलिंग."

तिनं म्हटलं. आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. तुम्ही समोर असता, तर हे मी तुम्हाला कळू दिलं नसतं.