दीड कानाचा देव

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

लागली! लागली! ऑर्डर आली, सहीशिक्क्यासकट! मी, जिला अजून स्वतःची वेणी धड घालता येत नाही, ती मी — जिल्हा परिषदेची मास्तरीण! शेजारपाजारच्या बायकांना ऑर्डर वाचून दाखवली, दोघींना तर दोनदा. बाबा गिरणीतून आले तेव्हा दारातच त्यांचे हात धरून गोल फिरवलं. ते हसत होते. हसता हसताच विचारलं, "गाव कोनतं?"

"खदान. गावाचं नावच खदान! जऊळका स्टेशनावर उतरून पायी जायचं."

फिरायचे थांबले. चपला न काढताच आत गेले.

जेवताना एकदम म्हणतात, "दुसरी नोकरी भेटन. थे नोको."

दुसरी नोकरी काय झाडाला लागलीय! मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली. भाकर थापत होती, मान वर केली नाही. "जाऊ द्या तिले."

बाबांनी विषय सोडला, पुढची भाकर मोडली. आईनं काही म्हणावं आणि बाबांनी ऐकावं हे आमच्याकडे नेहमीचंच, पण आज दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

१९ नोव्हेंबर

बाबांचा अबोला चालू. मी मात्र बोलतेय. घरात कोणीतरी बोलायला हवं!

२४ नोव्हेंबर, रविवार

स्टेशनवर आई एकटीच आली. गाडी सुटायला आली तेव्हा खिडकीचा गज धरून हळूच म्हणाली, "तिथं लालसिंग नावाचा मानूस हाय का पाय. जिता हाय का, बरा हाय का, तेवढंच. माहं नाव काढू नोको. अन तुह्या बापाले तं काईच सांगू नोको."

"कोण लालसिंग?"

गाडी सुटली.

आता सांगायचं तर आमच्या घरात नातेवाईक हा प्रकारच नाही. मामा नाही, काका नाही, आत्या नाही. लहानपणापासून विचारलं की एकच उत्तर — "पटकीत गेले सगळे." मैत्रिणी सुट्टीत मामाकडे जायच्या आणि गालावर मांस चढवून यायच्या. मी अकोल्यातच. आईला माहेर नाही, बाबांना गाव नाही. विचारलं की आई चुलीत फुंकर घालायला लागते, चूल पेटलेली असली तरी.

आणि आता अचानक एक लालसिंग! आणि बाबांना सांगायचं नाही!

अगं बाई. अगं बाई बाई! म्हणजे आईचं लग्नाआधी कोणीतरी—

शेंगा खाता खाता एकटीच इतकी हसले की समोरच्या म्हाताऱ्यानं जागा बदलली.

२५ नोव्हेंबर

रुजू झाले. शाळा म्हणजे एक खोली, वर टिनं. पोरांच्या खिशात खडी, दप्तरात खडी, एकाच्या तर तोंडात खडी. दिवसभर बाहेर हातोड्यांची टकटक. दगड फोडणाऱ्या बायका बोलतात मात्र त्याच्यावर आवाज काढून. सगळ्यांत मोठा आवाज बेबीताईचा. मी राहते ती खोली तिचीच. आमच्या समाजाची आहे, पस्तिशीची असेल. हातोडा चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. माझं तिच्याशी पहिल्या घोटभर चहातच जमलं.

लालसिंगला शोधायला लागलंच नाही. "थ्यो काय, लालसिंग! खदानीचा मुकादम. पलीकडच्या तांड्यातला." जिवंत आहे. बरा आहे. पांढऱ्या मिशा, लाल फेटा, हसणं नाही. सगळे त्याला टरकून.

आई, अगं काय पाहिलंस ग त्याच्यात! आमचे बाबा परवडले.

२८ नोव्हेंबर

लालसिंगला नमस्कार केला. त्यानं मान हलवली. मिशा हलल्या नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय. भीतीनं नाही. हसून हसून!

आज सुरुंग लावायचा होता. रुळाचा तुकडा टांगलाय तो बडवला की सगळ्यांनी लांब पळायचं. पण त्याआधी जानबाबाला नारळ. "जानबाबाले नारळ फोडल्याबिगर इथं वात पेटत नाही बाई!" बेबीताई म्हणाली. मी म्हटलं, "तू पण? आपण तर देव मानत नाही." तर म्हणते, "जानबाबा देव थोडाच हाय! आपल्यातला मानूस व्हता. सुरुंगवाला. वात पेटवाले गेला, अन धडाड! हाताचं बोटबी नाही सापडलं माय. अन दुसऱ्या दिशी सकाळी पाह्यतो तं हा दगड! कोनी आनला नाही, कोनी मांडला नाही. सयंभू!"

"कधीची गोष्ट?"

"मी फ्राकात व्हती. जानराव नाव त्याचं."

बाबांचंही नाव जानराव. पण जानराव काय, गावोगावी असतात. मी पोरांना घेऊन दगडाजवळ गेले. तांड्यातली माणसं, वस्तीतल्या बायका, सगळे एकाच नारळाचं खोबरं खाण्यासाठी हात पुढे करून उभे. लालसिंग शेंदूर लावत होता. त्यानं हात काढला, आणि मला देव दिसला.

चांदीचे डोळे. चपटं नाक. उजवा कान पुरा. डावा कान अर्धा!

बाबांचा डावा कान अर्धा आहे. खालची पाळीच नाही. लहानपणी कुत्र्यानं तोडली म्हणतात. मी लहान असताना झोपायच्या आधी त्या अर्ध्या कानाशी खेळायची. कान ओळखायला मी चुकेन? आणि नाकही तेच!

मला हसू फुटलं. आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी फुसफुस बाहेर येतंय. बेबीताईनं चिमटा काढला. लालसिंग वळून माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ.

१९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा बाबांनी घरातले होते नव्हते ते सगळे देव मोर्णा नदीत सोडले. आणि इकडे स्वतः शेंदूर लावून बसलेत! नारळ खातायत! या क्षणी अकोल्यात आमचा देव गिरणीच्या भोंग्यावर धावत असेल, डबा विसरला म्हणून परत फिरला असेल!

४ डिसेंबर

जीभ चावली. दहादा चावली.

बेबीताईला सहज विचारल्यासारखं विचारलं, लालसिंगच्या घरी कोण कोण? "पोरं हायेत, सुना हायेत. बायको गेली. एक बहीन व्हती बापा, रुख्मी. गोरीपान. बापानं तिले मेडशीले मावशीकडं धाडलं. लालसिंगच नेऊन सोडाले गेला व्हता. चार दिसांनी तोच निरोप घिऊन आला — पटकीनं गेली म्हनून. त्याच हप्त्यात इकडं त्याचा जिवाभावाचा दोस्त जानबाबा उडाला. तवापासून हसनं नाही त्या मानसाले."

रुख्मी. रुख्मिणी. माझी आई.

म्हणजे तो मिशावाला लालसिंग माझा — अरे देवा, आणि मी काय काय विचार करत होते! — माझा मामा आहे! मला मामा आहे! सख्खा, फेटेवाला, मिशांवाला मामा! आई बंजाऱ्यांच्या तांड्यातली, बाबा या वस्तीतले, दोघं पळाले, आणि इकडे दोघंही मेले. मी दोन मेलेल्या माणसांची पोटची पोर आहे!

दिवसभर उड्या मारत शिकवलं. बेचा पाढा पोरांना चालीवर म्हणायला लावला.

मग संध्याकाळी कंदील लावताना एकदम दुसरी बाजू दिसली. मामानं आईला मावशीकडे सोडलं, विश्वासानं. तिनं त्यालाच फसवलं. तो तिला मेलेली समजून रडला असेल, आणि मित्राला उडालेला समजून वीस-बावीस वर्षं त्याला शेंदूर फासतोय. खरं कळलं तर हा माणूस काय करेल?

८ डिसेंबर, रविवार (अकोला)

सांगितलं. दोघांना समोर बसवून सांगितलं. आधी दाराला कडी घातली.

बाबांनी हात कानाला नेला. "माहा? दगड?"

"शेंदूर लावलेला. चांदीचे डोळे."

"चांदीचे?" बाबा म्हणाले. "लेकहो, मी व्हतो तवा चहाले पैशे नव्हते."

आई हसायला लागली. मी माझ्या आईला असं हसताना आयुष्यात पाहिलं नाही. भिंतीला टेकली, खाली बसली, डोळ्यांतून पाणी. "देवा, जेवले का? देवा, गिरनीत जाचं हाय का?" बाबा रुसले, मग तेही हसले. मग सगळं सांगितलं, आळीपाळीनं, एकमेकांचं वाक्य तोडत. आईच्या बापाला कळलं होतं. तो म्हणाला होता, त्या जानरावाचे तुकडे करतो. मग आईला मेडशीला पाठवलं. आई तिथून निसटली. बाबांनी ठरल्या दिवशी वात पेटवली आणि सगळे खाली पळाले तेव्हा ते वरच्या अंगाला पळाले. "अन मंग पयतच राह्यलो. किन्हीराज्याच्या पुढं जाऊन थांबलो. तिथं हे उभी."

हसणं संपलं तेव्हा आई रडत होती ते आम्हाला उशिरा कळलं.

"त्यानं मले पाठीवर बसवून जत्रा दाखोली व्हती," म्हणाली. "अन मी त्याले सांगूनबी नाही गेली."

बाबा म्हणाले, "लालसिंग बापापरीस तापट. आता गेलो तं दोघायले उभं चिरन. अन काहून नाही चिरनार?" आई म्हणाली, चिरू द्या, पण मला एकदा तोंड पाहू द्या. लांबून. तो न ओळखता.

मी म्हटलं, मी आणते तुला. म्हणून बसले! माझ्या तोंडाला कोणी कुलूप का नाही लावत?

११ डिसेंबर

लालसिंग — मामा — शाळेच्या दारात! खडू हातातून पडला.

"बाई, त्या दिशी देवापुढं हसल्या काहून?"

"दा... दाढ दुखत होती."

त्यानं फळ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हसलं तं चालते," म्हणाला. "बाबालेबी कदी कदी हसू येत असन."

आणि गेला. दाढ दुखली तर कोणी हसतं का! मूर्ख मुली!

१३ डिसेंबर

आई परवा येतेय. निरोप आला. बेबीताईला सांगितलं माझी आई येणार, घर बघायला. तिनं लगेच खोली सारवली आणि आईला काय आवडतं विचारत बसली. मला काही सुचत नाही. एक क्षण वाटतं मामाच्या गळ्यात पडून ओरडावं, पुढच्याच क्षणी ती मिशी आठवते. त्यानं आईला ओळखलं आणि सगळ्यांसमोर तोंड फिरवलं तर? आईला आज निदान एवढं तरी आहे की तो तिच्यासाठी रडला असेल. तेही जाईल, आणि ते माझ्यामुळे जाईल. मी उगाच उड्या मारल्या.

उड्या मारणं तरी थांबतंय का? सकाळी आरशासमोर "मामा" म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं तोंडात.

१५ डिसेंबर, रविवार

आई आली. पदर पार नाकापर्यंत. सुट्टीमुळे खदान बंद, दगडापाशी तो एकटाच झाडत होता. आम्ही बाभळीआड थांबलो. आईनं माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. त्यानं झाडू ठेवला, हात पुसले, आणि न वळताच विचारलं, "रुख्मे, दाजी बरे हायेत ना?"

आई जागेवरच बसली. मग ती त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. माझ्या आईला ती बोली येते हे मी आज ऐकलं. रडत रडत काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा. तो तिच्या शेजारी मातीत बसला, आणि मला कळावं म्हणून आपल्या भाषेत म्हणाला, "बाप कुऱ्हाड घिऊन निघाला व्हता वं. मेलेल्याच्या मागं कोन जाते? म्हनून मीच रातोरात दगड बसवला."