ऊन लागलेली फुलं

अमीरिये, ५ उर्दीबेहेश्त

चि. सिमीनला आजी तूबाचे अनेक आशीर्वाद.

गुलाबांना कळ्या धरल्यात. तुझ्या बापाचा ट्रक घाटात उलटला म्हणून झुडपं थांबली नाहीत. त्यांना कुणी सांगितलं नसेल. मी बरी आहे. जेवते, झोपते. बायका येतात, माझ्या गळ्यात पडून रडतात, मग साखरेचा खडा दातात धरून चहा पितात. मी रडत नाही म्हणून तुझी आत्या आकदस घाबरलीय. मुल्लाला विचारून आली. म्हटलं, बाई, तो काय करणार, बादलीभर पाणी आणणार का डोळ्यांत घालायला.

मुद्द्याचं लिहिते. तुझ्या बर्दियाचा हा पहिला वसंत. आपल्या रिवाजानं पोराला पाकळ्यांत लोळवायचं ते याच वसंतात, पुढच्या वर्षी करून उपयोग नाही. तुझ्या बापाला मी लोळवलं, तुलाही मीच. फुलं संपायच्या आत ये.

तुझी आजी

तेहरान, ११ उर्दीबेहेश्त

ती. आजीस सिमीनचा शि. सा. न.

पत्र पोचलं. आजी, मी येणार नाही. बाबांचा चाळिसावा दिवसही झालेला नाही, काळे कपडे घालून पोराला फुलांत कशी लोळवू? सासूबाई म्हणतात, दुःखाच्या घरात सोहळा केला तर लोक तोंडावर थुंकतील. आणि खरं सांगू? पहाटे फुलं बाबाच खुडायचे. दुसऱ्या कुणी खुडलेली मला बघवणार नाहीत.

बर्दियाला दात येतोय, सगळ्यांना चावतो. रागावू नकोस, माया आहे तशीच राहू दे.

तुझी सिमीन

अमीरिये, १९ उर्दीबेहेश्त

चि. सिमीनला आशीर्वाद. बर्दियाचा पापा, चावला तरी.

सासूला सांग, थुंकणाऱ्यांना चूळ भरायला गुलाबपाणी मी देते. फूल पैगंबरांच्या नावाचं. त्याचं पाणी काब्याच्या भिंतींना लागतं, नवरीवर शिंपडतात, केशरी भातात पडतं, आणि तुझ्या बापाच्या थडग्यावर ओतलं तेही तेच. आपल्याकडे सुखाचं एक फूल आणि दुःखाचं दुसरं असं नाही. एकाच झुडपावर सगळं भागवतो आपण.

आता दुसरं. काल पहाटे टोपली घेऊन मळ्यात गेले आणि बांधावर बसले. उन्हं आली, मधमाश्या आल्या, मी बसलेलीच. एक फूल खुडलं नाही. उशिरा उठणाऱ्या सुनांना जिनं जन्मभर शिव्या घातल्या, तिचं हे. दुपारी आकदस शोधत आली, तिनं बडबडत टोपली भरली. फुलांचा वास उडालेला. गुलाबपाण्याच्या हंड्यात घालायच्या कामाची नाहीत म्हणून फेकायला निघाली, मी म्हटलं ठेव. पोराला वास कशाला हवा? दवानं ओल्या पाकळ्यांत लोळवलं तर तुझा बाप किती दिवस शिंकत होता.

तेव्हा असं करते. एक ओळ तुझ्यासाठी सोडते. तिला पहाटे कुणी हात लावणार नाही, दुपारी खुडू. तुझ्या बापानं अशी कधी खुडली नाहीत, तेव्हा त्याच्या जागी कुणी आलं असं वाटायचं कारण नाही. शुक्रवारच्या बसनं ये. कपडे काळेच घाल.

आजी

अमीरिये, २ खोर्दाद

चि. सिमीनला आशीर्वाद.

तेहरानला पोचलात असं बसवाल्यानं सांगितलं. तू निघताना माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून लिहिते. पाकळ्यांच्या चादरीची टोकं तू, मी, आकदस आणि तुझ्या सासूनं धरली होती. सासूनं तोंड वाकडं केलं, पण टोक सगळ्यात घट्ट तिनंच धरलं. दोनदा लोळवल्यावर पोरानं भोकाड पसरलं आणि तुम्ही तिघी उचलायला वाकलात. मी तुम्हाला हातानं मागं सारलं. तू म्हणालीस, आजी दगड झालीय. झाले असेन.

पण इतके दिवस जे कुणी या घरात रडले, ते मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे, मी रडते का म्हणून. तुझं पोर कुणाकडे बघत नव्हतं. तेवढं मला शेवटपर्यंत ऐकायचं होतं.

राग गेला की लोभ कर, नाही गेला तरी दात आला का ते कळव.

तुझी आजी तूबा