आजीच्या डोळ्यातलं तिसरं सोपट

उमेळे,
१६ एप्रिल २०२५

चि. कुशल,
आजीचा आशीर्वाद घे, रागातही घेता येतो. वेळेवर जेवतोस ना? तुझे बाबा नेहमीसारखे गप्प आहेत, विहिरीला पाणी आहे. सांगतेय मी, लिहितेय तुझी आई. फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतोस. म्हणून कागद.

बातमी अशी, की मी आंधळी होणार होते, झाले नाही. (तुझी आई म्हणते, असं एकदम लिहू नये. म्हटलं, तू लिही, शिकवू नकोस.)

दिवाळीत आपल्या दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसायला लागली. शेजारच्या टॉवरच्या खोदकामाने घर खचलं म्हणून मी बिल्डरच्या माणसाला असं झापलं, की बिचारा ओळंबा घेऊन आला. चौकट सरळ! मी म्हटलं, ओळंबा तुझाच ना?

मग विजेचा खांबही वाकला. तेव्हा तुझ्या आईने मला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. तुझ्याएवढीच पोर, संपदा नाव.

"आजी, डोळ्याला तीन थर असतात."

"केळीच्या खोडाच्या सोपटांसारखे म्हण की, एकात एक."

हसली. म्हणाली, बाहेरचं सोपट पांढरं, टणक. ते डोळ्याचा आकार धरून ठेवतं आणि पुढे काचेसारखं होऊन उजेड आत घेतं. मधल्यात रक्ताच्या नसा. ते डोळ्याला खाऊ घालतं, आणि पुढे त्याचंच बुबुळ होऊन उजेड कमीजास्त करतं. सगळ्यात आत पडदा. त्याच्यावर चित्र उमटतं, तिथून मेंदूला जातं. माझ्या मधल्या सोपटातल्या नसा पाझरल्या आणि पडदा फुगला. फुगलेल्या पडद्यावर सरळ वस्तू वाकडी उमटते.

डोळ्यात सुई घेतली रे, तीनदा! तुझी आईच बाहेर रडत होती. काल संपदा म्हणाली, पाझर थांबला, नजर राहील. घरी आल्यावर पोटभर चहा प्यायले.

मग वाडीत गेले. दसऱ्यानंतर तू दोरी ताणून केळीचे मुनवे लावलेस, ती ओळ बघायला. मी तुला ती दोनदा उपटायला लावली होती. तिसऱ्यांदा लावलीस, दोरी माझ्या हातात दिलीस आणि नाशिकला गेलास. जाताना मी काय म्हणाले, ते तुझ्या आईला लिहायला सांगत नाही. तुला पाठ असेल.

केळी आता छातीएवढ्या झाल्यात. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. ओळ सरळ आहे, कुशल. पहिल्यांदा लावलीस तेव्हाही सरळच असणार. वाकडी मीच होते, आणि तोंड डोळ्याहून वाकडं.

आजवर तुला 'ये' म्हटलं, 'जा' म्हटलं, विचारलं कधी नाही. आज विचारते. येशील का? नाही म्हणालास तरी चालेल, फक्त फोन उचलून म्हण. मी ओरडणार नाही. (तुझी आई हसतेय.)

पहिल्यांदाच विचारणारी,
तुझी आजी
रखमाबाई