वर्षभरात एकही मुक्काम नाही

प्रिय बाबा,

तुमच्या लाडक्या हॉटेलातून लिहिते आहे. उद्या सकाळी या शहरात माझी मुलाखत आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. सांगू नको म्हणून आईनेच बजावलं होतं. तिथेच उतर, बाबांचा सभासद क्रमांक दे, त्यांना चकित कर, असं ती चार वेळा म्हणाली. चार वेळा का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली खुशीत. बारा वर्षं दर सोमवारी तुम्ही एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायला फिरतीवर निघता, गुरुवारी परत येता आणि त्या सोनेरी कार्डाचं कौतुक ऐकवता. नाव सांगितलं की जावयासारखी सरबराई होते म्हणे! हॉटेलचे जावई म्हणून आम्ही दोघी तुम्हाला किती चिडवायचो.

दुपारी काउंटरवर मी ऐटीत तुमचा क्रमांक सांगितला. तिथल्या मुलीने तो कॉम्प्युटरमध्ये घातला आणि ती ओशाळली. कार्ड आता सोनेरी राहिलेलं नाही, म्हणाली. वर्षभरात एकही मुक्काम झाला नाही की सभासद आपोआप खालच्या पायरीवर येतो. मी हसले. काहीतरी घोळ झालाय, म्हटलं, बाबा दर आठवड्याला इथेच असतात, आत्ताही असतील. तिने पुन्हा पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना, नेहमी जिन्याजवळची खोली मागायचे, फार दिवसांत आले नाहीत. मागे लोक खोळंबले होते, म्हणून किल्ली घेऊन बाजूला झाले.

तिथल्या सोफ्यावर बसूनच तुम्हाला फोन केला. चारच्या सुमाराचा, आठवत असेल. नोकरी गेली असेल, आजार लपवत असाल, साध्याशा लॉजवर राहत असाल, नाही नाही ते मनात येऊन गेलं. खरं सांगते, त्यातलं काहीही निघालं असतं तरी मी तुम्हाला मिठी मारली असती. तुम्ही म्हणालात, नेहमीच्या खोलीत पाय पसरून पडलोय. तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली आणि एक बाई गॅस बंद करा म्हणाली. ‘अहो’ म्हणाली बाबा, तुम्हाला. आणि मला जरा थांब म्हणून तुम्ही उठलात! आमच्या घरात तुम्ही कधी गॅसला हात लावल्याचं मला आठवत नाही.

मी फोन ठेवून दिला. रेंज गेली असं तुम्हाला वाटलं असेल. खोलीत येऊन मुलाखतीचे कागद पसरले, पण एक अक्षर डोक्यात शिरेना. इतका राग आला होता की समोर असतात तर काय काय बोलले असते कुणास ठाऊक. सात वाजता आईचा फोन आला. भेटले का गं बाबा, असं तिने अगदी सहज विचारलं आणि पुढे गप्प राहिली. आई आणि गप्प! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला तिने चकित करायला नाही, खात्री करायला पाठवलं होतं. घरात ती एकटी होती, फोन घट्ट धरून बसली असणार. माझ्या तोंडून निघून गेलं, हो, भेटले, आत्ताच जेवलो आम्ही दोघं. तिने इतका मोठा श्वास सोडला की मला इथे ऐकू आला. मग ती रडली, आणि मी वेडी आहे गं, म्हणाली.

म्हणून या पत्राचे फोटो काढून तुम्हाला पाठवते आहे. गुरुवारी तुम्ही घरी पोचलात की ती विचारेल, तेव्हा आपलं दोघांचं खोटं जुळायला हवं. नीट लक्षात ठेवा: सूप घेतलं, भाजलेला मासा घेतला, आइस्क्रीम तुम्ही मागवलंत आणि साखर वाढेल म्हणून मी खाऊ दिलं नाही. हे तुमच्यासाठी केलेलं नाही. ती बातमी तिने एकटीने, फोनवर ऐकू नये, एवढ्याचसाठी. रविवारी सकाळी मी घरी येते. मी तिचा हात धरून बसेन आणि तुम्ही तिला सगळं सांगाल. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी सांगेन.

अजूनही तुमचीच,
ठमी